ब्रेक मिळाल्यावर

पहाटे पाच-साडेपाचला पुण्याची ट्रॅव्हल्स हिंगोलीत थांबते. पाठीवर सॅक, अंगात कंपनीचं नाव धुऊन धुऊन पुसट झालेला टी-शर्ट, अशी पोरं डोळे चोळत खाली उतरतात. दिवाळी असेल तर कुणी काही विचारत नाही. पण श्रावणात किंवा ऐन फेब्रुवारीत एखादा उतरला आणि चहाच्या टपरीवर कुणी "काय रे, सुट्टी?" म्हटलं, की उत्तर ठरलेलं असतं: "ब्रेक देला कंपनीनं."

हा ब्रेक गाडीचा नव्हे. तशी यातली बरीच पोरं गाडीच्या ब्रेकचेच सुटे भाग दाबून, घासून, तपासून आलेली असतात. चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज ही औद्योगिक वसाहतींची नावं हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव-कळमनुरीच्या घराघरात आता सासरवाडीच्या गावांइतकी सवयीची झाली आहेत. तिथल्या बोलीत ब्रेक म्हणजे काम थांबलं, हजेरी बंद, खोलीचं भाडं चालू.

आता एक कोडं. समजा, औंढा तालुक्यातल्या एकाच गावचे दोन मित्र आहेत. एकाच खोलीत राहतात, एकाच गेटातून आत जातात, एकाच प्रेसशॉपमध्ये शेजारशेजारच्या मशीनवर उभे राहतात. पगारही जवळपास सारखा. एके दिवशी सुपरवायझर दोघांनाही सांगतो, उद्यापासून येऊ नका. चार-सहा महिन्यांनी पाहावं तर एकाच्या बँक खात्यात सरकारी योजनेतून तेवीस हजारांच्या वर रक्कम जमा झालेली, दुसऱ्याच्या खात्यात छदामही नाही. काम तेच, घाम तोच. मग फरक कुठे पडला?

वशिल्यात नाही, नशिबातही नाही. नोकरी गेलेल्याला आपल्याकडे जी काही मदत मिळते, ती गरज किती आहे हे विचारतच नाही. ती हजेरी मोजते: दिवस किती भरले, कुणाच्या हजेरीपटावर भरले, आणि जाताना कागदावर काय लिहिलं गेलं. हे मोजमाप कळलं की कोडं सुटतं.

शेवटच्या ट्रॉलीचा हिसका

त्याआधी, सुट्या भागांच्या कारखान्यातला माणूस इतक्या पटकन का सुटतो ते पाहू. वसमतच्या पूर्णा कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर आणा, मागे दोन ट्रॉल्या जोडलेला. ड्रायव्हरनं जरासा ब्रेक दाबला तर त्याला स्वतःला फारसं जाणवत नाही. पहिली ट्रॉली धक्का देते, दुसरीला मात्र हिसका बसतो आणि तिच्यावरची मोळी रस्त्यावर येते.

वाहन उद्योगाची रचना अशीच आहे. पुढे गाडी बनवणारी कंपनी. तिला थेट माल देणारे मोठे पुरवठादार म्हणजे पहिली ट्रॉली. त्यांना दाबलेले पत्रे, बुश, स्प्रिंगा, रबरी सील पुरवणारे भोसरी-वाळूजमधले छोटे कारखाने ही दुसरी. गाडी कंपनी सुट्या भागांचे ढीग लावून ठेवत नाही. लागेल तेव्हा लागेल तेवढंच मागवते. त्या मागणीच्या वेळापत्रकाला कामगार "शेड्यूल" म्हणतात. पुढे गाड्या कमी खपल्या की मागचं शेड्यूल पडतं. छोट्या कारखान्याला मशीन विकता येत नाही, बँकेचा हप्ता थांबवता येत नाही. थांबवता येते ती फक्त माणसाची हजेरी, तीही आधी ठेकेदाराच्या माणसाची.

२०१९ साली वाहनविक्री घसरली तेव्हा सुट्या भागांच्या उद्योजकांच्या संघटनेनं दहा लाख रोजगार धोक्यात असल्याचा इशारा दिला होता. मग १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाची बीएस-सहा मानकं आली, त्याच सुमारास करोनाची टाळेबंदी आली. ३ मे २०२५ पासून अमेरिकेनं आयात सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लावलं. वॉशिंग्टनमध्ये झालेली सही हिंगोलीच्या बसथांब्यावर पोचायला किती ट्रॉल्या मधे लागतात, ते आता दिसलं असेल.

स्लिपवरच्या तीन ओळी

मदत शोधायला कलेक्टर कचेरीत जायची गरज नाही. ती पगाराच्या स्लिपवर असते, "कपात" या रकान्यात. ही स्लिप पोरं बहुधा मोबाइलमध्ये ठेवतात आणि तळाचा निव्वळ पगाराचा आकडा तेवढा वाचतात.

हिशेबाला सोपी जावी म्हणून एक स्लिप घेऊ. एकूण पगार १६,००० रुपये, त्यातला मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,०००. कपातीत तीन ओळी: पीएफ १,४४०, ईएसआय १२०, पीटी २००. हातात पडले १४,२४०. कँटीन आणि बसचे कापले तर आणखी कमी.

या तीन ओळी म्हणजे विहिरीत सोडलेले तीन दोर. पहिला स्वतःच वळलेला, दुसरा सगळ्या कामगारांनी मिळून वळलेला. तिसऱ्याचं टोक थेट गावात आहे आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सगळ्यात गुंतागुंतीचा दुसरा, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

एकशेवीस रुपयांत काय येतं?

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. मूळ कायदा १९४८ चा. ज्याचा पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत आहे त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक स्वतःचे सव्वातीन टक्के घालतो. आपल्या स्लिपच्या हिशेबानं कामगाराचे १२० आणि मालकाचे ५२०. ही भिशी आहे, पण पाळीपाळीनं न फुटणारी: ज्याच्यावर वेळ येईल त्याला मिळणारी. बहुतेकांना ती दवाखान्याची म्हणून माहीत असते. बायकोचं बाळंतपण, मशीनमध्ये गेलेलं बोट, टायफॉइडची पंधरा दिवसांची रजा, हे सगळं यातूनच होतं.

नोकरी जाणं हेही एक संकटच, असं मानून याच भिशीतून १ जुलै २०१८ पासून एक योजना सुरू झाली. नाव "अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना". (नाव कुणीतरी दिल्लीत बसून ठेवलं आहे हे सांगायला नको. मराठी कामगाराला ते एका दमात म्हणता येत नाही, आणि ज्या योजनेचं नाव म्हणता येत नाही तिच्याबद्दल तो खिडकीवर विचारणार कसा?) सुरुवातीला सरासरी रोजाच्या २५ टक्के रक्कम मिळायची आणि त्यासाठी तीन महिने बेकार राहावं लागायचं. करोनात, २४ मार्च २०२० पासून, ती ५० टक्के झाली आणि बेकारीच्या तीस दिवसांनंतर अर्ज करता येऊ लागला. शिवाय अर्ज मालकामार्फत जायची अट गेली. ज्यानं काढलं त्याच्याच सहीसाठी त्याच्याच गेटवर उभं राहायचं, ही सुरुवातीची तऱ्हा होती, म्हणून हा बदल मला पैशांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. मिळते ती रक्कम जास्तीत जास्त ९० दिवसांची, आणि आयुष्यात एकदाच.

आता दिवसांचं गणित. ईएसआयच्या दृष्टीनं वर्षाचे दोन तुकडे असतात: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. त्यांना वर्गणीचे कालखंड म्हणतात. या योजनेसाठी तीन गोष्टी लागतात. विम्याखालच्या नोकरीला किमान दोन वर्षं झालेली असावीत. नोकरी जाण्याआधीच्या लगतच्या कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. आणि त्यामागच्या तीन कालखंडांपैकी कुठल्या तरी एकात आणखी ७८ दिवस असावेत. ७८ हा आकडा विचित्र वाटला तर महिन्याच्या २६ हजऱ्या धरा आणि तीननं गुणा. सहा महिन्यांच्या तुकड्यात तीन महिने भरले की झालं.

इथे आपलं कोडं अर्धं सुटतं. पहिला मित्र सव्वादोन वर्षं एकाच ठेकेदाराच्या पटावर होता. दुसरा पहिलं वर्षभर "ट्रेनी" होता. शेजारच्याच मशीनवर तेच काम करत होता, पण त्याच्या कागदावर पगाराऐवजी विद्यावेतन लिहिलं होतं. कायद्यानं शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. त्याच्या स्लिपवर ईएसआयची ओळ नसते. म्हणजे भिशीत त्याचं नाव पडलं ते वर्षभर उशिरा, आणि नोकरी गेली तेव्हा त्याचं दुसरं वर्ष भरायचं होतं. गावात "मुलाला दोनशे रुपये जास्त मिळतात, ट्रेनी म्हणून लागला" असं कौतुकानं सांगतात. त्या दोनशेत न कापलेला विमाही असतो.

सातशे तीस नावाचा भाजक

रक्कम ठरते कशी, हेही जरा जवळून पाहण्यासारखं आहे. मागच्या चार कालखंडांत, म्हणजे दोन वर्षांत, मिळालेला एकूण पगार घ्यायचा आणि त्याला ७३० नं भागायचं. ७३० म्हणजे दोन वर्षांचे सगळे दिवस, रविवार, गणपती आणि ब्रेक धरून.

पहिल्या मित्राचं गणित: १६,००० गुणिले २४ म्हणजे ३,८४,०००. भागिले ७३०, सरासरी रोज ५२६ रुपये. त्याचा अर्धा २६३. नव्वद दिवसांचे सुमारे २३,६७० रुपये.

आता तिसरा एक मित्र धरू. त्याची नोंद दोन वर्षांपूर्वीच झाली होती, पण मधे दोनदा ब्रेक मिळाला. चोवीसपैकी चौदाच महिने हजेरी लागली. त्याचा एकूण पगार २,२४,०००. भाजक मात्र तोच, ७३०. सरासरी रोज ३०७, अर्धा साधारण १५३, नव्वद दिवसांचे १३,८०० च्या आसपास. कामावर असताना दोघांचा रोज सारखाच होता. ज्याच्या नोकरीत जास्त खंड पडला, ज्याला आधाराची जास्त गरज, त्याच्या हातात दहा हजार कमी पडतात. घरात ज्याच्या ताटात आधीच कमी वाढलंय त्याला दुसऱ्यांदा वाढतानाही कमीच वाढावं, तसं हे आहे. गणितात चूक कुठेच नाही. पण भाजक कुणी निवडला, हा प्रश्न उरतोच.

आणखी एक गळती. ईएसआयचा विमा क्रमांक माणसाला आयुष्यात एकच असायला हवा. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार जुना क्रमांक न विचारता नवीन काढतो, कारण ते त्याला सोपं पडतं. मग दोन वर्षांची हजेरी दोन क्रमांकांत वाटली जाते आणि कुठल्याच क्रमांकावर दोन वर्षं भरत नाहीत. दोन डायऱ्यांत लिहिलेली उधारी सावकाराला बरोबर सापडते. दोन क्रमांकांतली हजेरी संगणकाला सापडत नाही.

एक दिलासा: नोकरी गेली म्हणून ईएसआयचं कार्ड त्याच दिवशी मरत नाही. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ७८ दिवस भरले असतील तर त्याचं फळ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतं. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचं फळ जुलै ते डिसेंबरमध्ये. खरिपात पेरलेलं लगेच हाती येत नाही, तसंच. दवाखान्याचा हक्क अशा रीतीनं नोकरीनंतरही काही महिने मागे चालत येतो.

याच विम्यात १ एप्रिल २००५ पासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाही आहे. ती कितीतरी उदार आहे: पहिले बारा महिने निम्मा पगार, पुढचे बारा महिने पाव पगार, सोबत औषधपाणी. पण कारखाना कायदेशीर रीतीनं बंद झाला, कायदेशीर कामगार कपात झाली किंवा कामाबाहेरच्या अपघातात किमान चाळीस टक्के कायमचं अपंगत्व आलं, तरच ती लागू होते. "उद्यापासून येऊ नका" या तीन शब्दांवर ती मिळत नाही. त्यासाठी कागद लागतो, आणि तो ठेकेदाराच्या पोराच्या हातात क्वचितच पडतो.

सात महिन्यांनीच ब्रेक का?

कंपनी परिसरात कुणालाही विचारा, बहुतेकांना ब्रेक सात महिन्यांनी मिळतो. आठ नाही, नऊ नाही. यामागे २४० हा आकडा आहे.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ले-ऑफ (तात्पुरती कामबंदी) आणि कामगार कपातीच्या भरपाईची कलमं घातली गेली. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं, की माणसाची सेवा वर्षभर सलग मानली जाते. मग त्याला काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली सांगितलं, की या २४० दिवसांत पगारी सुट्ट्या आणि रविवारही धरायचे. म्हणजे कॅलेंडरचे आठ महिने झाले की उंबरठा ओलांडला.

सातव्या महिन्यातला ब्रेक हा त्या उंबरठ्याआधी लावलेला अडसर आहे. सगळीकडे असंच मुद्दाम करतात असं नाही. पण महिन्यांचा हिशेब इतका नेमका जुळावा हा योगायोग म्हणायला मन तयार होत नाही. त्यातच १९८४ मध्ये कायद्यात अशी सोय झाली, की ठरावीक मुदतीचा करार संपला आणि पुन्हा केला नाही, तर ती कपात मानलीच जात नाही. सहा-सात महिन्यांचा करार, मग ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर नवा करार. मशीन तीच, गणवेश तोच, सेवा मात्र दर वेळी शून्यापासून.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ही जुनी कलमं औद्योगिक संबंध संहितेत गेली. पंधरा दिवसांचं माप तेच राहिलं. दोन गोष्टी ठेकेदारीतल्या पोरांनीही लक्षात ठेवाव्यात. एक: मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षानंतर हक्क येतो. दोन: कपात झालेल्या कामगारासाठी मालकानं आणखी पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा, आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवा. दुसऱ्या बाजूला, कपात किंवा कारखाना बंद करण्याआधी सरकारची परवानगी घ्यायची अट पूर्वी शंभर कामगारांपासून लागायची, ती आता तीनशेंपासून लागते. भोसरीतले प्रेसशॉप त्या आकड्याच्या आसपासही नसतात.

पीएफ: स्वतःचीच कोठी

पहिल्या ओळीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पीएफ ही मदत नाहीच. ती आपलीच साठवण. मूळ पगाराच्या १२ टक्के आपले, तेवढेच मालकाचे. मालकाच्या हिश्शातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात, उरलेले आपल्या खात्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळानं ठरवलं, की नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच काढता यावी आणि उरलेली २५ टक्के बारा महिने बेकार राहिल्यावर. पूर्वी दोन महिन्यांत सगळी निघायची. म्हातारपणाचं बियाणं खाऊन संपू नये हा त्यामागचा विचार. ते खरंही आहे. पण ज्याच्या खात्यात दर ब्रेकला पीएफ काढून काढून आठ-दहा हजारच उरलेत, त्याला दोन-अडीच हजार मागे ठेवून म्हातारपण कसं निभावणार, हे मला सांगता येणार नाही.

अमेरिकेत काय विचारत?

नोकरी गेलेल्याला मदत कशी द्यायची, हा प्रश्न अमेरिकेनं वेगळ्या बाजूनं हाताळला. १९६२ च्या व्यापार कायद्यात त्यांनी ठरवलं, की सरकारनं परदेशी मालाला दार उघडल्यामुळे ज्याची नोकरी जाईल त्याला सरकारनं भत्ता आणि प्रशिक्षण द्यायचं. १९६५ मध्ये कॅनडाशी गाड्या आणि सुट्या भागांचा खास करार झाला, तेव्हा त्या उद्योगातल्या कामगारांसाठी मदतीचं वेगळं दार ठेवलं. तिथला प्रश्न असा: नोकरी कशामुळे गेली? आयातीमुळे गेली हे सिद्ध झालं तर मदत. मालकाच्या चुकीनं गेली तर ही मदत नाही. आपला प्रश्न: दिवस किती भरले? कारण विचारलंच तर त्यानंतर. दोन्हीकडे दाराशी पहारेकरी आहेच, फक्त विचारणा वेगळी. अमेरिकेतल्या त्या कार्यक्रमाची मुदत वाढली नाही आणि १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज मंजूर होणं थांबलं. म्हणजे २०२५ च्या शुल्कयुद्धात तिथलाही सुट्या भागांचा कामगार त्या छत्रीशिवाय उभा राहिला.

जर्मनीत तिसरीच रीत. मागणी घटली की कामगाराला काढायचंच नाही, तास कमी करायचे. बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, घरात मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी विमा भरून काढतो. मशीनही थांबते, माणूसही थांबतो, पण नाव पटावरून पुसलं जात नाही.

[चौकट]
खोली सोडण्याआधी
• कोऱ्या कागदावर किंवा "स्वेच्छेने सोडत आहे" अशा ओळीखाली सही करू नका. राजीनामा म्हणजे कपातीची भरपाई गेली. शेवटचा पगार अडवून सही मागितली तर तसं लिहून कामगार आयुक्त कार्यालयात द्या.
• ईएसआयचा विमा क्रमांक आणि पीएफचा खातेक्रमांक (यूएएन) वहीत लिहून ठेवा. दोन विमा क्रमांक निघाले असतील तर ईएसआयच्या शाखेत सांगा.
• सगळ्या पगार-स्लिपा, गेटपास आणि हजेरी कार्डाचे फोटो काढून घरी कुणाला तरी पाठवून ठेवा. मोबाइल हरवतो.
• वर्गणी कापली पण भरली गेली नाही असं दिसलं, तर लक्षात ठेवा, ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ कंपनीची असते.
• अटल योजनेची मुदत सरकार टप्प्याटप्प्यानं वाढवत आलं आहे. अर्ज करायच्या दिवशी ती चालू आहे का, विचारून घ्या.

दोनशे रुपयांचं टोक गावात

आता तिसरी ओळ: पीटी, म्हणजे व्यवसाय कर. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. "हे कशाचे कापले?" असं विचारलं तर कंपनीतला टाइम ऑफिसचा माणूसही "सरकारचे" एवढंच सांगतो.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली. वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना अशी, की जो अंगमेहनत करायला तयार आहे त्याला काम मागण्याचा हक्क असावा. पैसा कुठून आणायचा? १९७५ साली राज्यानं व्यवसाय कर लावला, तो या हमीसाठीच. शहरात पगार मिळवणाऱ्यानं गावात काम नसणाऱ्याला हात द्यायचा, हा सरळ व्यवहार. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पुढे देशानं तो धडा उचलला आणि २ फेब्रुवारी २००६ ला राष्ट्रीय रोजगार हमी सुरू झाली. पहिल्या टप्प्यात देशातले २०० जिल्हे निवडले गेले, त्यात हिंगोली होता.

म्हणजे चाकणला ज्याचे दर महिन्याला दोनशे रुपये कापले जात होते तो पोरगा आपल्याच गावच्या पाणंद रस्त्याचे आणि विहिरीच्या कामाचे पैसे भरत होता. ब्रेक मिळून तो गावी उतरतो तेव्हा तो या दोराच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. त्याला ते कुणी सांगत नाही. उलट, कंपनीत राहून आलेल्यानं रोजगार हमीच्या (रोहयोच्या) कामावर जावं का, याचीच घरात कुजबुज होते. बांधकाम कामगाराची नोंदणी मात्र सगळ्यांना ठाऊक असते, कारण त्यात भांड्यांचा संच मिळतो. (तिथेही दिवस मोजतातच: वर्षभरात ९० दिवसांचं बांधकाम.)

रोहयोची मोजणी मात्र वेगळी आहे. ७८ आणि २४० हे मागे भरलेले दिवस; इथे पुढचे दिवस मागायचे असतात. केंद्राच्या २००६ च्या हमीत कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस. कुटुंबाला हा शब्द महत्त्वाचा: आईबापांनी शेततळ्यावर साठ दिवस केले असतील तर पोराच्या वाट्याला त्यातले चाळीस. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात शंभराचे १२५ दिवस झाले, पण शेतीच्या ऐन हंगामात वर्षाला साठ दिवसांपर्यंत कामं थांबवायची मुभा आली. शेतकऱ्याला मजूर मिळावा म्हणून. आपल्याकडे सोयाबीनची काढणी आणि फेब्रुवारीपासून हळद काढणं, शिजवणं, ढोलात पॉलिश करणं, या दिवसांत खासगी रोजगार असतोही. पण दहा तास हळदीच्या कढईच्या वाफेत उभं राहायचं, की खोलीचं थकलेलं भाडं फेडायला पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराला फोन लावायचा, हा निर्णय पोरगा दोन दिवसांत घेऊन टाकतो.

तरीही काम मागायचं ठरवलं तर रीत अशी. आधी जॉबकार्डावर आपलं नाव आहे का पाहायचं. वर्षानुवर्षं बाहेर राहिलेल्याचं नाव कधी कधी वगळलेलं असतं. मग नमुना ४ भरून ग्रामपंचायतीत कामाची मागणी नोंदवायची आणि तारीख घातलेली पोच घ्यायची. खरा कस इथे लागतो. मागणीपासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्त्याचा हक्क उभा राहतो: पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव, त्यानंतर किमान अर्धा. पंधरा दिवस मोजायला सुरुवात होते ती पोचवरच्या तारखेपासून. म्हणून ग्रामरोजगार सेवक कामाला नाही म्हणत नाही, "फॉर्म ठेवून जा" म्हणतो. तोंडी मागणीला तारीख नसते आणि तारीख नसलेल्या मागणीचा पंधरावा दिवस कधीच उजाडत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्रात या कामाची मजुरी ३१२ रुपये रोज झाली. काम मिळालं नाही तर पहिल्या महिन्यात तिचा पाव: ७८ रुपये. ईएसआयच्या त्या अटीतलाच आकडा, फक्त इथे दिवसांऐवजी रुपये. पोच हातात असेल तर.